मिनिटाला साठ

मुतखडा फोडायच्या टेबलावर माणूस आडवा झाला की दुखेल का, हा त्याचा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असतो, किती वेळ लागेल? मी सांगतो, तयारीसकट तास-सव्वा तास. बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या माणसाला हे उत्तर पचत नाही. आउटर रिंग रोडवरच्या कुठल्यातरी टेक पार्कमधून, दोन मीटिंगांच्या मधली फट शोधून तो आलेला असतो. फोन बाहेर ठेवा म्हटले तर चेहरा उतरतो. समोरच्या पडद्यावर शॉकचा आकडा आणि वेग दोन्ही दिसतात, त्यावरून तो मनातल्या मनात हिशेब मांडतो: मिनिटाला साठ, एकूण तीन हजार, म्हणजे पन्नास मिनिटे. मग तिसरा प्रश्न येतो. "स्पीड वाढवता येत नाही का, सर?"

वाढवता येतो. यंत्रावर मिनिटाला नव्वदची सोय आहे, एकशे वीसचीही आहे. युरॉलॉजिस्टने काही कारणाने वेगळे सांगितले नसेल तर मी साठच ठेवतो. या कामाबद्दल मला जे सांगावेसे वाटते, ते बरेचसे या साठच्या आकड्यात आहे.

मी लिथोट्रिप्सी टेक्निशियन आहे. शरीरावर कुठेही चीर न देता, बाहेरून शॉकवेव्ह सोडून मूत्रपिंडातला खडा फोडायचे जे यंत्र असते, ते चालवतो. मूळचा निपाणीचा. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही. माझ्या कन्नडमधला 'री' ऐकला की हुबळी-धारवाडकडचा पेशंट टेबलावर लगेच सैल होतो. इकडचा म्हैसूर-मंड्याचा माणूस हसून विचारतो, कुठले तुम्ही? इमेजिंग टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करून मी एक्स-रे विभागात लागलो, तिथून ऑपरेशन थिएटरमधल्या सी-आर्मवर, म्हणजे फिरत्या एक्स-रे यंत्रावर, आणि सी-आर्मवरून या खोलीत आलो. या कामाचे असे वेगळे कॉलेज नसते. कंपनीचा माणूस येतो, काही दिवस शेजारी उभा राहून बटणे समजावतो आणि जातो. त्यानंतरचे शिकणे युरॉलॉजिस्टच्या हाताखाली होते.

यंत्र म्हणजे एक टेबल, त्याला जोडलेला सी-आर्म, अल्ट्रासाउंडचा प्रोब आणि टेबलाखालून वर येणारे थेरपी हेड. हेडच्या तोंडाशी पाण्याने भरलेली रबरी उशी असते. आत तारेचे वेटोळे आणि त्यावर धातूचा पातळ पडदा. वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह गेला की पडदा झटका खातो, पाण्यात दाबाची लाट उठते आणि भिंग ती लाट एका बिंदूवर गोळा करते. माणसाचे मांस बरेचसे पाणीच, त्यामुळे लाट त्यातून फारशी न अडखळता जाते. खडा मात्र वेगळ्या घडणीचा. लाट त्याच्यात शिरताना त्याला दाबते, मागच्या बाजूने निघताना ताणते, आणि भोवतालच्या द्रवात क्षणभर टिकणारे बुडबुडे तयार होऊन फुटतात. अशा शेकडो आघातांनंतर खड्याला तडे जातात, मग त्याचे तुकडे होतात. खोलीत ऐकू येते ती फक्त टक् टक्.

ही कल्पना विमानांच्या कारखान्यातून आली. मारतहळ्ळीत काम करणाऱ्याला ही गोष्ट जवळची वाटावी अशीच आहे. जर्मनीतली डॉर्निअर कंपनी फ्रीड्रिक्सहाफेनला विमाने बनवायची. आवाजापेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूचे काय होते, याचा तिथले अभियंते अभ्यास करत होते. थेंब पृष्ठभागावरच फुटतो, पण त्याच्या आघाताची लाट आत शिरून नुकसान करते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्युनिकच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांना हाताशी धरून त्यांनी तीच लाट मुतखड्याकडे वळवली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये डॉ. क्रिस्टियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या माणसावर हा उपचार केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये त्याचा वृत्तान्त छापून आला. तोवर मूत्रपिंडातला मोठा खडा म्हणजे बहुतेक वेळा कुशीवर लांब छेद आणि कित्येक आठवड्यांची विश्रांती असेच समीकरण होते.

आमच्या रुग्णालयापासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा विमानतळ लांब नाही. २००८च्या मे महिन्यात प्रवासी विमाने देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, पण ही धावपट्टी चालू आहे, आणि तेजस लढाऊ विमान डोक्यावरून गेले की खिडक्यांच्या काचांना कंप सुटतो. डॉर्निअर २२८ हे छोटे विमान एचएएल कानपूरच्या कारखान्यात बनवते. एचएएलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ टेबलावर होते, त्यांना मी डॉर्निअरची ही हकीकत सांगितली. ते शॉकचे दुखणे विसरून धातूच्या थकव्याबद्दल बोलू लागले. एकाच जागी पुन्हा पुन्हा ताण आला की धातू कसा तडकतो, पहिला तडा डोळ्यांना का दिसत नाही, हे त्यांनी मला समजावले. त्यानंतर पडद्यावर खडा जसाच्या तसा दिसत राहिला तरी पहिल्या हजार शॉकला मी अस्वस्थ होत नाही. आत काम चालू असते.

पहिल्या यंत्रांत माणसाला भूल देऊन पाण्याने भरलेल्या टबात उतरवत. टबाच्या तळाशी ठिणगी पडे आणि तिच्यातून लाट निघे. तेव्हा हृदयाची लय बिघडेल अशी भीती होती, म्हणून प्रत्येक शॉक ईसीजीवरच्या ठोक्याशी जोडलेला असायचा. ठोका पडला की शॉक. पुढे अनुभवाने कळले की बहुतेकांना अशा जोडणीची गरज नसते. ठोक्यापासून यंत्र मोकळे झाले आणि वेग वाढला. एकशे वीसच्या वेगाने तीन हजार शॉक पंचवीस मिनिटांत संपतात. यादीतले पेशंट भराभर पुढे सरकतात, टेबल रिकामे राहत नाही, हिशेब सांभाळणारा खूश.

मग टोरंटोच्या डॉक्टरांनी पेशंटचे दोन गट पाडले. कुणाला कुठला वेग मिळाला हे पेशंटला आणि निकाल तपासणाऱ्याला ठाऊक नव्हते. एका गटाला मिनिटाला साठ, दुसऱ्याला एकशे वीस. २००५ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले: साठच्या गटात ७५ टक्के जणांना यश, एकशे वीसच्या गटात ६१ टक्के. खडा मोठा असेल तर तफावत आणखी मोठी. कारण ते बुडबुडे. एका लाटेनंतर उरलेले बुडबुडे विरायला थोडा वेळ लागतो, आणि ते विरायच्या आत दुसरी लाट आली तर तिची ताकद त्यांच्यातच जिरते. घाईने सोडलेले कितीतरी शॉक आकड्यात मोजले जातात, खड्याला लागत नाहीत. मूत्रपिंडाला मात्र त्यांचा मार बसायचा तो बसतो.

पूर्वी मी जिथे काम करत होतो, तिथे यादी लांब असली की वेग वाढवायचा निरोप यायचा. निरोप देणाऱ्याने शॉकची खोली कधी आतून पाहिलेली नसे. पेशंटला कळायचा प्रश्नच नाही. उलट लवकर सुटलो म्हणून तो आभार मानायचा. महिन्याने खडा तसाच दिसला की दुसरी सिटिंग, तिचा वेगळा खर्च, पुन्हा एक रजा. माझ्या मते पेशंटची फसवणूक दर वेळी खोटे बोलूनच होते असे नाही, वेगाचे बटण दाबूनही होते.

सुरुवात करायची तीही हळूच. पहिले काही शॉक अगदी कमी ताकदीचे, मग जरा थांबायचे, मग पायरी-पायरीने वर. इंडियाना विद्यापीठात डुकरांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की आधी सौम्य शॉक दिले तर नंतरच्या जोरदार शॉकने मूत्रपिंडाला होणारी इजा बरीच कमी होते. आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. पेशंटलाही आवाजाची आणि टोचणीची सवय होते. एकदम जोर लावला तर माणूस दचकतो, दचकला की हलतो, हलला की खडा निशाण्यावरून सरकतो.

जेलबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. पाण्याची उशी आणि पेशंटची त्वचा यांच्यामध्ये जेल लावतात. त्यात हवेचे बारीक फुगे अडकले तर लाट तिथेच अडते. दोन टक्के जागा जरी फुग्यांनी व्यापली तरी खडा फुटण्याचे प्रमाण वीस ते चाळीस टक्क्यांनी घटते, असे प्रयोगशाळेत मोजले गेले आहे. बाटली दाबून नागमोडी रेघा ओढल्या, हाताने पसरले, की फुगे आलेच. त्यामुळे मोठ्या डब्यातून जेलचा एकच भरघोस गोळा हेडवर ठेवायचा, हात लावायचा नाही, आणि पेशंटच्या वजनानेच तो पसरू द्यायचा. पेशंट मध्येच उठला, खोकला, कुशीवर वळला, तर सगळे पुसून पुन्हा नव्याने. स्टोअरमधून विचारणा होते की एवढे जेल कशाला लागते. मी दर वेळी समजावतो, आणि दर वेळी थोडे भांडतो.

खरे लक्ष लागते ते श्वासाकडे. श्वास घेतला की मूत्रपिंड खाली सरकते, सोडला की वर येते, आणि खडा त्याच्याबरोबर निशाण्यातून आत-बाहेर करतो. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो, त्यामुळे अर्धे शॉक खड्याच्या वर-खाली पडतात. संथ, उथळ, एकसारखा श्वास घ्यायला त्याला शिकवावे लागते, आणि ते त्याच्या भाषेतच जमते. "निधानवागि उसिराडि" (सावकाश श्वास घ्या) म्हटल्यावर कन्नड माणसाचे खांदे खाली येतात. हलू नका हे सांगायला रायलसीमेतून आलेल्यांना "कदलकंडि", बंगाली सुताराला "नोडबेन ना". वाक्ये मोजकीच आहेत. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींपासून सिक्युरिटीतल्या पोरांपर्यंत ज्याला-त्याला विचारून जमवली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्याबरोबर श्वास घेतो. पाच-सात मिनिटांत पडद्यावरचा खडा रेषांच्या फुलीवर स्थिर होऊ लागतो. ती पाच मिनिटे कुठल्याही तक्त्यात नसतात.

सी-आर्मच्या पॅडलवर पायही जपून ठेवायचा. सतत एक्स-रे चालू न ठेवता मधूनमधून क्षणभर बघायचे, दोन कोनांतून. अंगावर शिशाचा एप्रन, छातीवर किरण मोजणारा टीएलडी बॅज. बॅज माझा आहे, पण पेशंटच्या अंगावर तसला काही नसतो, त्यामुळे त्याच्या वाट्याचे किरण मोजणेही मी माझेच काम समजतो. यूरिक ॲसिडचा खडा एक्स-रेवर दिसत नाही. तिथे अल्ट्रासाउंडवर भिस्त. तसे खडे पुष्कळदा लघवीचा आम्लपणा कमी करणाऱ्या औषधाने विरघळतातही, त्यामुळे डॉक्टर आधी औषध देऊन बघतात.

बायकांना एक प्रश्न विचारावाच लागतो. गर्भ असेल तर शॉकही नाही आणि एक्स-रेही नाही. मारतहळ्ळीत पीजीमध्ये राहणाऱ्या मुली खूप. कुणी एकटी येते, कुणाची आई गावाहून धावत आलेली असते. आईदेखत तो प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी 'नाही'च येणार. म्हणून मी आईला बिलाच्या खिडकीकडे पाठवतो आणि सिस्टरना विचारायला सांगतो, दार लावून. शंका असेल तर तपासणी करून घेतो. एकदा एका आईंनी रागाने विचारले, माझ्यासमोर का नाही विचारले? सिस्टर म्हणाल्या, अम्मा, हे आम्ही सगळ्यांनाच एकटीला विचारतो. त्या गप्प झाल्या. निघताना त्यांनी सिस्टरांचा हात हातात घेतला होता.

संमतीपत्राचेही असेच. छापील इंग्रजीत चार पाने, खाली सही. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत आणि मूत्राशयातला खडा शस्त्राने काढायची रीतही दिली आहे; पण त्याआधी बजावले आहे की ही क्रिया केली नाही तर मरण ठरलेले, केली तर यशाची खात्री नाही, तेव्हा धन्याला विचारूनच वैद्याने हात घालावा. इतक्या जुन्या काळात ज्याला विचारून करायची गरज वाटली, ते आज सहीपुरते उरावे हे मला पटत नाही. डॉक्टरांनी समजावलेले असतेच, तरी मी पुन्हा त्याच्या भाषेत सांगतो: एक-दोन दिवस लघवी लाल होईल, घाबरू नका. कदाचित दुसरी सिटिंग लागेल. क्वचित मूत्रपिंडाभोवती रक्त साचते. ताप आला, थंडी वाजली तर रात्री बारा वाजताही या. आणि बारीक झालेले तुकडे मूत्रनलिकेत एकामागे एक अडकू शकतात. सिल्क बोर्डच्या चौकात एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या थांबतात, तसे. हे शेवटचे इथल्या कुठल्याही माणसाला दोनदा सांगावे लागत नाही.

कऱ्हाडच्या एक काकू आल्या होत्या, मुलगा-सून दोघेही आयटीत. नातवाला सांभाळायला म्हणून आल्या आणि इथे खडा निघाला. मी सुनेशी बोलताना त्यांनी माझी मराठी ऐकली आणि टेबलावरूनच विचारले, "तू कुठला रे बाळा?" "निपाणीचा, काकू." त्यावर त्यांनी निपाणीतल्या आपल्या चुलत नणंदेपासून सुरुवात केली. मग म्हणाल्या, "गावाकडं दिवसभर पाणी प्यायचे रे. इथं फ्लॅटमध्ये पोरगं झोपलं की मी हलत नाही. नळाचा आवाज झाला तरी उठतं." त्या दिवसातून किती पाणी पितात हे घरात कुणाच्या लक्षात आलेले नव्हते.

पाण्याचा विषय इथे रोज निघतो. मारतहळ्ळीच्या आसपास वर्षानुवर्षे बोअरचे आणि टँकरचे पाणी. २०२४च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा टँकरची वाट बघण्यात लोकांच्या रात्री गेल्या. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कावेरी पाणीयोजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले, शहरात सामील झालेल्या ११० गावांसाठी रोज ७७५ दशलक्ष लिटरची योजना. पेशंटची ठाम समजूत असते की टँकरच्या जड पाण्यानेच खडा झाला. पाण्याचा जडपणा आणि खडा यांचे नाते अभ्यासांतून तितके ठाम सिद्ध झालेले नाही. पाणी किती पोटात जाते, याचा परिणाम मात्र पक्का आहे. इटलीत पार्मा येथे पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. भरपूर पाणी पिणाऱ्यांत सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांत २७ टक्क्यांना. १९९६ साली तो अभ्यास छापून आला. त्याच डॉक्टरांनी २००२ मध्ये दाखवले की दूधदुभते तोडून उपयोग नाही. मीठ आणि मांस कमी करून कॅल्शियम नेहमीइतके ठेवणाऱ्यांना खडे कमी झाले. खड्याच्या भीतीने टोमॅटो सोडून आलेले लोक लोणचे-पापड-फरसाणावर तसाच हात मारत असतात. केळीच्या गाभ्याचा रस, हुलग्याचे कढण, पानफुटीची पाने यांनी बहुधा बिघडत काही नाही, पण दीड सेंटिमीटरचा खडा त्याने जात नाही, आणि वर्षभर वाट पाहण्यात एखादे मूत्रपिंड फुगून निकामी झालेले मी स्कॅनवर पाहिले आहे.

दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी प्या, असे डॉक्टर लिहून देतात. हा कागद हातात घेऊन लोक माझ्याकडे बघतात. डिलिव्हरी करणारा पोरगा विचारतो, "अण्णा, इतके प्यायलो तर करू कुठे?" तो दिवसभर उन्हात, ॲपवर मिनिटे मोजली जातायत, ज्या हॉटेलातून जेवण उचलतो तिथला संडास त्याच्यासाठी नाही. मारतहळ्ळीच्या कापडाच्या आउटलेटमध्ये दहा-दहा तास उभ्या असणाऱ्या बायका सकाळी घोटभर पाणी पितात आणि मग थेट संध्याकाळी. किल्ली मॅनेजरकडे असते आणि ती मागायची लाज वाटते. टेक पार्कमधल्या इंजिनिअरला दहा पावलांवर चकचकीत स्वच्छतागृह आहे, पण तो कॉलवरून उठत नाही. एसीत तहानही लागत नाही. त्याच इमारतीत झाडूपोछा करणाऱ्या बाईला, ती रोज घासते ते संडास वापरायची मुभा नसल्याचे मी तिच्याच तोंडून ऐकले आहे. मुंबईत बायकांनी २०११ साली 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली तेव्हा पुष्कळांनी तिची थट्टा केली होती. कोळिकोडच्या मिठाई तेरुवूतल्या दुकानांत काम करणाऱ्या बायका पी. विजी यांच्याबरोबर आधी संडासासाठी आणि मग बसायच्या स्टुलासाठी लढल्या, तेव्हा कुठे २०१८ मध्ये केरळने दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्यात घातला. मला या लढाया आरोग्यखात्याच्या वाटतात. त्यांचा पुरावा माझ्या पडद्यावर फुलीच्या मध्ये दिसत असतो.

इथला इंजिनिअर आणि डिलिव्हरीवाला एकमेकांना फक्त दारात भेटतात, पाच सेकंद. माझ्याकडे दोघेही त्याच टेबलावर येतात आणि दोघांनाही वेळ नसतो. एकाला पुन्हा कॉलवर जायचे असते, दुसऱ्याचा दिवसाचा इन्सेंटिव्ह बुडत असतो. दोघांनाही मिनिटाला साठच.

लेसर आल्यापासून आमची खोली आता पूर्वीइतकी गजबजलेली राहिलेली नाही. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण मूत्रपिंडापर्यंत नेऊन होल्मियम किंवा थुलियम लेसरने खड्याचा बुकणा करतात. एकाच वेळी काम फत्ते होण्याची शक्यता जास्त. खालच्या कप्प्यातला खडा शॉकने फुटला तरी तुकडे सहजी वर चढून बाहेर पडत नाहीत. सीटीवर घनता हजार हाउन्सफिल्डच्या वर असलेला कठीण खडा, किंवा त्वचेपासून दहा सेंटिमीटरहून खोल असलेला, आमच्या यंत्राला दाद देत नाही. अशा पेशंटला शॉक देऊन नंतर पद्धतीलाच नावे ठेवली जातात, याचे मला वाईट वाटते. योग्य जागी, दीड सेंटिमीटरच्या आतला, मऊसा खडा असेल तर भूल नाही, दुर्बीण नाही, बहुतेकदा स्टेंटही नाही, आणि माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी. लेसरनंतर आत डीजे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवतात आणि काही आठवड्यांत तो काढायचा असतो. गावाकडे परतलेले मजूर तो विसरतात. काही वर्षांनी त्या स्टेंटवरच खडे चढलेले घेऊन ते परत येतात. म्हणून मी लेसरच्या खोलीतही मदतीला जातो तेव्हा स्टेंटची तारीख पेशंटच्या फोनमध्ये आणि त्याच्या गावातल्या एका नातेवाइकाच्याही फोनमध्ये घालून देतो. मुकादमाचा नंबर नको, तो बदलतो.

घरी जाताना प्रत्येकाला चहाची गाळणी घ्यायला सांगतो. लघवी गाळायची, जे सापडेल ते वाळवून आणायचे. तपासले की खडा कशाचा होता ते कळते आणि पुढचे पथ्य त्यावर ठरते. औषधाच्या बाटलीत, काडेपेटीत, मोबाइलच्या कव्हरमध्ये दडवून लोक ते करडे-तपकिरी कण आणतात आणि माझ्या टेबलावर ठेवतात. लोकांना त्यांचा अभिमान वाटतो. एका ड्रायव्हरने विचारले होते, एवढ्याशा कणाने मला ओला गाडीत लोळवले?

कपडे बदलायच्या खोलीबाहेर मी एक कागद चिकटवला आहे. मारतहळ्ळीचा पूल ते वर्तूर रोड, आणि रिंग रोडने बेळ्ळंदूरपर्यंत, जिथे न विचारता किंवा नुसते विचारून लघवीला जाता येते अशा जागा त्यावर लिहितो: पेट्रोल पंप, एक मॉल, एका देवळाचे आवार, हॉटेलवाल्यांपैकी जे नाही म्हणत नाहीत ते. सुरुवात मी केली. आता डिलिव्हरीची पोरे स्वतः भर घालतात, बंद झालेली जागा खोडतात, फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकतात. बायकांना जाता येईल अशा जागा त्यात फारच थोड्या आहेत, आणि आउटलेटच्या रांगेजवळ एकही नाही. मागच्या आठवड्यात तिथल्याच एका ताईंची दुसरी सिटिंग झाली. त्यांनी कागद नीट वाचला, पेन मागितले आणि आपल्या दुकानाचे नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. म्हणाल्या, सोमवारी मालकांशी बोलते, आम्ही सहाजणी मिळून जाणार आहोत, नंतर येऊन हे प्रश्नचिन्ह खोडते नाहीतर दुकानाचे नावच खोडते.